'पुढचं म्हटलंच नाही रे त्यांनी'

संपादक महोदय,

यंदा १४ एप्रिलला आमच्या गल्लीतून जयंतीची मिरवणूक गेली. आई ब्याऐंशी वर्षांची, गुडघे धरलेत, म्हणून तिला दारात खुर्ची टाकून बसवलं होतं. डीजेवर 'उद्धरली कोटी कुळे' लागलं तसे तिने हात जोडले. तेवढी ओळ चारदा वाजली आणि पुढे नुसता दणका; खिडकीची तावदानं थरथरायला लागली. आई हात तसेच धरून अंतऱ्याची वाट बघत राहिली. गाडी चौकाकडे वळली तेव्हा म्हणाली, "पुढचं म्हटलंच नाही रे त्यांनी."

गाणं वामनदादा कर्डकांचं. दादा आमच्याच सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. शाळा नशिबी नव्हती. मोठेपणी मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले आणि २००४ साली जाईपर्यंत बाबासाहेब गावोगाव गात राहिले. माझी आजी अंगठेबहाद्दर. बाबासाहेबांचं पुस्तक तिने कधी उघडलं नाही, उघडून करणार काय? पण चवदार तळं, काळाराम मंदिर, येवल्याची धर्मांतराची घोषणा, नागपूरची दीक्षा हे सगळं तिला गाण्यांतून ठाऊक होतं. सालं येत नव्हती, क्रम मात्र चुकायचा नाही.

लहानपणी आमच्याकडे गायन पार्टी यायची. पेट्रोमॅक्सच्या उजेडात ढोलकीवाला कड्या ओढत बसलेला, पेटीची एक पट्टी कायमची मुकी. गायक एक ओळ म्हणायचा, थांबून दोन शब्द बोलायचा, मग तीच ओळ पुन्हा. आजी पदर तोंडाला लावून ऐकायची.

घरात बाबासाहेबांचं नाव कुणी एकेरी घेतलं की आजीचा हात उठायचा. 'उद्धरली कोटी कुळे'त मात्र पुढे 'भीमा तुझ्या जन्मामुळे'! मी एकदा तिला पकडलंच. ती म्हणाली, "आईला अहो-जाहो करतो का रे तू?" मला विचाराल तर त्या गाण्याचा सगळा जीव त्या 'तुझ्या'त आहे. ज्यांना आजीने डोळ्यांनी कधी पाहिलंही नाही, ते त्या एका शब्दाने चुलीपाशी येऊन बसायचे.

पोरांवर माझा राग नाही. नाचू देत की, त्या दिवशी तरी रस्ता आपला असतो. डीजेवाल्याचंही काही नाही, सांगाल ते तो वाजवतो. मागणं एवढंच, की मिरवणूक निघण्याआधी तासभर पेटी-ढोलकीवर पूर्ण गाणी व्हावीत. आमच्या मंडळाला हे सांगून पाहिलं, तर "वर्गणीत बसत नाही, काका" असं उत्तर मिळालं. डीजे बरा बसला! गाणारे अजून आहेत हो तालुक्यात, गाडीभाडं आणि जेवणावर येतील.

तेही जमत नसेल, तर पुढच्या वर्षी आमच्या दारापुढे पाच मिनिटं आवाज बंद करा. पुढचं आई म्हणेल. तिला पाठ आहे.

— एक निवृत्त एस. टी. वाहक, सिन्नर (जि. नाशिक)