मेतकुटाच्या डब्यातलं पत्र

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

सुहास शनिवारी निघतोय. त्याच्याबरोबर मेतकूट आणि भाजणी देतेय, त्याच डब्यात हे पत्र.

परवा दूध उतू जातंय म्हणून मी फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. तुझ्या बाबांनी ओळखलं, तूही ओळखलं असशील.

तू विमेन्स सेंटरला जातेस याचं मला कौतुकच होतं. मिनेसोटा विद्यापीठानं १९६० साली ते काढलं, संसारापायी शिक्षण सुटलेल्या बायकांना परत वर्गात बसवायला, आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत असं ते पहिलंच, हे तू सांगितलंस तेव्हा मी लगेच सुनीताआत्याला फोन लावला. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "वहिनी, १९६० साली माईंना सातवीतून काढलं." लेकुरवाळ्या विद्यार्थिनींसाठी तिथं वेगळी मदत मिळते म्हटल्यावर तर तिचा विश्वासच बसेना. पोर काखेत घेऊन बी.एड. केलंय तिनं.

पण तिथल्या ऑरोरा सेंटरचं, अत्याचार सोसलेल्यांना आधार देणाऱ्या त्या केंद्राचं, तू बोललीस आणि माझ्या पोटात गोळा आला. चाळीस तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि मग रात्री-अपरात्री, ज्यांच्यावर प्रसंग गुदरलाय त्यांचे फोन घ्यायचे. काम चांगलं आहे, मी नाही कुठं म्हणते? पण मनू, हेच का घ्यावंसं वाटलं तुला? सहज विचारते.

रात्री तो मिसिसिपीवरचा पूल एकटीनं ओलांडू नकोस. तुमच्याकडे सोबतीला माणूस मिळतो ना, फुकट? मग लाजायचं कशाला? कानटोपी घाल. दुसऱ्यांचं ऐकून आलीस की आधी काहीतरी खा, मग झोप. आणि अभ्यास मागं पडता कामा नये, कर्ज... जाऊ दे. सुरू झालं माझं. तू तिथं निस्तरतेस ते मला इथं कराडात बसून शिकवायचं काही कारण नाही.

तू म्हणालीस, ते चाळीस तास पुरे झाले की तिथल्या कायद्यानं, जिनं फोन केला त्या मुलीच्या संमतीशिवाय तुला कोर्टातसुद्धा सहजासहजी बोलायला लावता येत नाही. त्या वाक्यानं मला रात्रभर झोप आली नाही.

हॉस्टेलला माझी एक रूममेट होती, निपाणीची. प्रॅक्टिकलच्या सरांबद्दल तिनं मला एका रात्री सांगितलं, पांघरूण डोक्यावरून घेऊन. कुणाला सांगू नकोस म्हणाली. मी सकाळी रेक्टरबाईंकडे गेले. मला वाटलं, मोठ्या बाई आहेत, काहीतरी करतील. आठ दिवसांत तिचे वडील आले आणि ट्रंक उचलून तिला घेऊन गेले. सर तिथंच राहिले. जाताना ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या कपाटात चपात्यांचा डबा राहिला होता, तो मी किती दिवस तसाच ठेवला होता. मला तेव्हा चाळीस तास सोड, चाळीस मिनिटं कुणी शिकवलं असतं, की ऐकायचं कसं आणि मग तिलाच विचारायचं कसं, की बाई, तुला काय करायचंय...

हे तुझ्या बाबांनाही माहीत नाही.

तू हे शिकतेस याचा मला अभिमान आहे. कालच शेजारच्या काकूंना सांगत होते. पण काय शिकतेस ते सांगितलं नाही, नुसतं ‘ट्रेनिंग’ म्हटलं. रागावू नकोस.

फोन घ्यायच्या तुझ्या पाळ्या कोणत्या रात्री ते कळव. तेव्हा इथं दिवस असतो, मी जागीच असते.

आणि मनू, तुला काही झालं नाही ना? झालं असेल आणि मला सांगायचं नसेल, तर सांगू नकोस. मी बाईंकडे गेले होते, तुला आता माहीत आहे. फक्त तिथं कुणाला तरी सांगितलंयस, एवढं कळव.

तुझी,
आई

ता. क. डबा सुहासला परत देऊ नकोस, तुलाच राहू दे.