जंगलात काय दिसलं, असं विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. चित्रं काढणं थांबलंय, कागदासमोर बसलं की काही सुचत नाही, असं लिहिलंयस. आणि पुढच्याच ओळीत टोमणा, ‘तुझं बरंय, जंगलात जायचं, कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, झालं!’ बटण दाबायला सेकंदाचा दोनशेवा भागही पुरतो, हे खरंच. उरलेल्या वेळात काय चालतं, ते सांगतो.

हल्ली मी उजाडायच्या आधीच पोचतो आणि अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावून गवतात बसतो. मोठ्या जनावरांच्या मागे धावणं सोडलंय. पहाटे वारा पडलेला असतो आणि चतुर किडे गारठलेले असतात. अंग तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून पंखांवर दव घेऊन ते काडीला धरून बसून राहतात. इतक्या जवळून फोटो घेताना जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळा साधला की पंख धूसर. मग कॅमेरा पंखांना समांतर आणायचा, केसभर मागेपुढे सरकायचं आणि श्वास धरून ठेवायचा. तेव्हा कुठे दिसतं, की पंखावरच्या एकेका थेंबात मागचं अख्खं रान उलटं उभं आहे! थेंब भिंगाचं काम करतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण ते ठाऊक असूनही दर वेळी मी गडबडतो. ऊन आलं की चतुर पंख थरथरवायला लागतो, दव झडतं आणि गडी पसार.

आता तुझ्या कामाचं. तू कोऱ्या कागदावर भर घालत जातोस. माझ्यापुढे सगळं आधीच हजर असतं, वारेमाप. मला फक्त काढून टाकायचं असतं. पाऊलभर डावीकडे सरकलं की वाळकी फांदी चौकटीबाहेर जाते, गुडघे टेकले की मागचा गोंधळ सपाट होतो. ‘काय काढू’ या प्रश्नाने तुझा हात अडलाय, असं मला वाटतं. जंगलात तो प्रश्नच उरत नाही. ‘काय सोडू’ एवढंच ठरवायचं, आणि ते ठरवता ठरवता डोकं आपोआप चालायला लागतं.

अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सची गोष्ट तुला आवडेल. 1927 चा एप्रिल. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत, फोटो उमटवायच्या काचेच्या जड प्लेटा पाठीवर वागवत, बर्फ तुडवत तो हाफ डोमच्या कड्यासमोर पोचला. पिवळा फिल्टर लावून एक फोटो घेतला आणि लगेच लक्षात आलं, की यात आभाळ फिकं येणार. कडा पाहून छातीत जे धस्स झालं, ते काही उतरणार नाही. प्लेट एकच उरली होती. त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे कृष्णधवल फोटोत आभाळ जवळजवळ काळं झालं. डोळ्यांना ते तसं मुळीच दिसत नव्हतं. म्हणजे फोटो आधी मनात तयार होता, प्लेटवर तो नंतर आला. याला बटण दाबणं म्हणशील?

‘काढून तरी काय होतं’ असंही विचारलंयस. नेहमी काही होतंच असं नाही. पण ऑस्ट्रेलियात, टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीचं खोरं बुडवणारं धरण होणार होतं, तेव्हा छायाचित्रकार पीटर डोंब्रोव्स्कीसने टिपलेलं त्या नदीचं धुक्यातलं वळण 1983 च्या निवडणुकीआधी वर्तमानपत्रांत पानभर छापलं गेलं. नदी कधी न पाहिलेल्या लोकांनी ती तिथे पाहिली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या निकालाने धरण थांबलं. सगळं श्रेय फोटोला देणं भाबडेपणाचं होईल, पण फोटोशिवाय एवढी माणसं त्या नदीपायी पेटून उठली असती का, शंकाच आहे.

तेव्हा ये. कॅमेरा आणू नकोस, वही आण. भडक कपडे नकोत, आणि घरटं दिसलं तर लांबूनच बघायचं, हे आधीच सांगून ठेवतो. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावणारे महाभाग भेटतील. त्यांच्याशी मी भांडतो, तेव्हा तू मधे पडू नकोस. वेळ लागेल, कंटाळाही येईल. पहिल्या दिवशी बहुधा काहीच हाती लागणार नाही, तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसायचं.

तारीख कळव. पहाटे उठवायचं काम माझं.

तुझाच,
जुना मित्र