विजू, ती अळंबी आत्ता कढईत घालू नकोस

इंदूर,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोटो आला तेव्हा मी घाईघाईने "खाऊ नकोस" एवढंच लिहून पाठवलं. तुला राग आला असणार, पण हा विषय फोनवर दोन ओळींत सांगण्यासारखा नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. इगतपुरीच्या शेतात बांधाला पांढऱ्या छत्र्या उगवल्या, शेजारच्या आजी म्हणाल्या "खायची आहे, आम्ही खातो", आणि तू उभ्या उभ्या वरून एक फोटो काढून मला विचारलंस, "करू का भाजी?" अगं, वरून पाहिलं तर कितीतरी जाती सारख्याच दिसतात. ओळखायच्या खुणा छत्रीच्या खाली आणि मातीच्या आत असतात, आणि त्यातलं काहीच तुझ्या फोटोत नाही.

आजींना मी मुळीच खोटं ठरवत नाही. त्या वर्षानुवर्षं त्याच बांधावर, त्याच वारुळापाशी, त्याच नक्षत्रात तीच अळंबी काढत आल्या असतील. त्या स्वतः येऊन खुरप्याने काढून दाखवणार असतील तर जवळ बसून बघ, माझ्या पुस्तकी माहितीपेक्षा ते जास्त मोलाचं आहे. मात्र त्यांनी नुसतं लांबून "हो, तीच" म्हणणं निराळं.

रविवारी आम्ही सिमरोलच्या पुढे चोरलच्या बाजूला गेलो होतो. यंदा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला, त्यामुळे ऊन तापायला लागलं तरी झाडांखाली ओल होती. सोयाबीन कापणीला आलेलं, सागाची पानं किड्यांनी खाऊन नुसती जाळी उरलेली, आणि त्या जाळीतून खाली पडणारा उजेड. धाकटे भाऊजी, त्यांच्या दोन्ही मुली आणि मी. ओळखीच्यांच्या शेताच्या कडेला एक जुनं वारूळ आहे, त्याच्या उतारावर मातीला भेगा पाडून अळंब्या वर आल्या होत्या. छत्री मळकट पांढरी, मधोमध टोक काढलेलं, त्या टोकाचा रंग करडा. मुलींनी उपटायला हात घातला, तेव्हा मी थांबवलं आणि खुरपं दिलं.

हे तुला अगदी बारकाईने सांगते, कारण सगळं इथेच आहे. देठ जमिनीपाशी संपत नाही. माती बाजूला करत गेलीस की तो खाली खाली जातो, बारीक होत जातो, रंग तपकिरी होतो, आणि हातभर खणलं तरी तुटल्याशिवाय संपत नाही. त्याचं दुसरं टोक वारुळाच्या आत वाळवीने केलेल्या बुरशीच्या बागेत असतं. वाळवी लाकूड, पालापाचोळा खाऊन त्याच्या विष्ठेची भुसभुशीत पोळी रचते, अक्रोडाच्या गरासारख्या वळ्यावळ्यांची. त्यावर ही बुरशी वाढते, लाकडातला चिवट भाग पचवून देते, आणि वाळवी तिचे पांढरे दाणे खाते. पाऊस पडून गेला की त्याच बागेतून ही छत्री वर येते. हिचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, ते 1942 साली रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं. वाळवीशिवाय हिची बाजारासाठी लागवड अजून कोणाला साधलेली नाही, म्हणून बाजारात डब्यात मिळतात त्या बहुतेक दुसऱ्याच. तिकडे मंडला-बालाघाटकडे हिला पिहरी म्हणतात आणि पावसाळ्यात रस्त्याकडेला पानांवर मांडून विकतात.

पण लांब मूळ दिसलं म्हणजे झालं, असंही समजू नकोस. जमिनीत पुरलेल्या लाकडावर वाढणारी एक जात आहे, तिलाही असंच मूळ असतं. आणि वारुळापाशीच, लांब मुळाशिवाय, नखाएवढ्या शेकडो पांढऱ्या छत्र्यांचा थवा उगवतो ती टर्मिटोमायसिसचीच धाकटी बहीण आहे. वाळवी पोळीचे तुकडे बाहेर आणून टाकते, त्यातून ती येते. म्हणजे एका खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. सगळ्या खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

आता ती खूण जी मला सगळ्यात आवडते, बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या भुकटीसारख्या बियांचा, ठसा. छत्री देठापासून अलगद कापायची, खाली जे पानापानांसारखे कल्ले असतात ते कागदाकडे करून ठेवायची आणि वर वाडगा पालथा घालायचा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्यायचा, नाहीतर पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. रात्रभर हलवायचं नाही. आमच्या कॉलनीतल्या बागेच्या हिरवळीवर गोल करून उगवलेल्या छत्र्यांची एक मी अशी ठेवली होती. छत्री ताटलीएवढी, पांढरी, मध्ये तपकिरी खवले, देठावर सैल कडं, दिसायला इतकी स्वच्छ आणि सुंदर की कोणीही पिशवीत टाकेल. कल्लेही कोवळेपणी पांढरेच. सकाळी वाडगा उचलला तर कागदावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा, आणि त्या सगळ्या हिरवट! भिंगातून बघितलं की एकेक रेष मखमली भुकटीची. हिरवा ठसा देणाऱ्या दुसऱ्या मोठ्या छत्र्या जवळजवळ नाहीतच, म्हणून एवढ्यावर तिची ओळख पटते: क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. जीव सहसा जात नाही, पण खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब असे सुरू होतात की सलाइन लावावं लागतं. आणि ही जंगलात लांब कुठे नाही, मुलं खेळतात त्या हिरवळीवर आहे. मी बागेच्या माळीदादांना तो कागद नेऊन दाखवला.

टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी येतो. पुरलेल्या लाकडावरच्या त्या दुसरीचा पांढरा. बघ, कागद किती काम करतो.

आता ज्यासाठी मी तुला थांबवलं ते. अमॅनिटा नावाचा एक वंश आहे. त्यातल्या काही जाती खातात, पण काहींत अमॅटॉक्सिन नावाचं विष असतं आणि जगात अळंबीने होणारे बहुतेक मृत्यू त्यानेच होतात. पांढरे कल्ले, पांढरा ठसा, देठावर कडं, आणि देठाच्या तळाशी मातीत लपलेली एक पांढरी पिशवी. ती पिशवी म्हणजे सगळ्यात महत्त्वाची खूण, आणि देठ ओढून उपटला की नेमकी तीच मातीत राहून जाते! म्हणून मी मुलींना हाताने उपटू दिलं नाही. भाताच्या पेंढ्यावर येणारी खाण्याची अळंबी असते ना, तिलाही तळाशी पिशवी असते. पण तिला कडं नसतं आणि तिचा ठसा गुलाबी असतो. परदेशी गेलेल्या लोकांनी गावाकडची ओळखीची म्हणून तिकडची अमॅनिटा खाऊन जीव गमावल्याच्या घटना झालेल्या आहेत.

अमॅनिटा बहुतेक वेळा ठरावीक झाडांच्या मुळांशी सोबत करून जगते. साल, ओक, पाइन, निलगिरी. साग त्यातला नाही, म्हणून आमच्या मालव्यातल्या सागाच्या जंगलात ती भेटायची शक्यता कमी. पण बांधावर कोणी निलगिरीची रांग लावली की हिशोब बदलतो. तुझ्या बांधावर काय आहे? अळंबी बघताना आधी मान वर करून झाड बघायचं, ही सवय लाव.

या विषाचं फसवं म्हणजे त्याची वेळ. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. रात्री जेवलेला माणूस पहाटे उलट्या करायला लागतो, मग दिवसभर जुलाब, आणि त्यानंतर बरं वाटायला लागतं. घरचे म्हणतात उतरलं. त्याच वेळात यकृताच्या पेशी मरत असतात, कारण हे विष पेशीत प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून खाल्ल्यावर कोणालाही त्रास झाला तर लिंबू-ताकाच्या नादी न लागता थेट मोठ्या दवाखान्यात, आणि उरलेली अळंबी, नाहीतर सोललेला कचरा तरी, कागदात बांधून सोबत. थोडं बरं वाटलं म्हणून घरी परत यायचं नाही.

शिजवून, उकळून, वाळवून हे विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण काळी पडते, किडे लागलेली असेल तर चालते, गोगलगाय खाते म्हणजे आपणही खाऊ शकतो, यातलं एकही खरं नाही. गोगलगायीला अमॅटॉक्सिन बाधत नाही, आपल्याला बाधतं. माझ्या सासूबाईंचाही चमच्यावर विश्वास होता, आणि इतक्या शहाण्या बाईचा होता म्हणूनच मी हे कळवळून लिहिते आहे. फोनमधल्या ॲपवरही मुळीच भिस्त ठेवू नकोस. ते फोटोत दिसतं तेवढ्यावरून अंदाज देतं, माती खणून बघत नाही.

तर तू असं कर. उद्या सकाळी खुरप्याने एक पूर्ण काढ, मुळासकट, खालच्या मातीसकट. चार फोटो: वरून, खालून कल्ल्यांचा, देठाचा पूर्ण लांबीभर, आणि जिथे उगवली तिथली जागा आजूबाजूच्या झाडांसकट. उभी चिरून आतला रंग बघ, हवेत ठेवल्यावर बदलतो का ते लिही. वास लिही. एक कोवळी, एक उमललेली अशा दोन्ही ठेव, कारण वयाबरोबर हिचं रूप पार बदलतं. हात लावायला भिऊ नकोस, विष पोटात जावं लागतं, हात मात्र धुवून टाक. मग ठसा काढ. हे सगळं आलं की मी वंशापर्यंत नक्की सांगू शकेन. जातीचं नाव पाहिजे असेल तर तुला पुणं जवळ आहे, आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथल्या जाणकारांना विचारता येईल.

परतताना रालामंडलला थांबलो. अभयारण्य आहे, तिथे काही तोडायचं नाही, नुसतं बघायचं. आता फार गर्दी असते, पण पायवाटेच्या कडेला पडलेल्या खोडावर मुलींना शिझोफायलम नावाची लाकडावरची बुरशी दाखवली. बोटाच्या पेरापेक्षा लहान, करडे केसाळ पंखे, दगडासारखे वाळलेले. खाली कल्ले उभे चिरलेले आणि आत वळलेले असतात. बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि गप्पा मारत तिथेच बसलो. हळूहळू ते कल्ले उलगडले. या एवढ्याशा बुरशीत वीस हजारांहून जास्त लिंगप्रकार आहेत हे सांगितल्यावर धाकटी कितीतरी वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, काकू, यांचं लग्न कसं जुळवतात? मला आठवीच्या वर्गात शिकवताना इतका चांगला प्रश्न क्वचित कोणी विचारला होता.

दिवाळीनंतर इकडे सगळं कोरडं होईल, मग लाकडावरच्या जाती तेवढ्या राहतील. तू येणार असशील तर भाऊबीज झाली की लगेच ये, तिंछाचा धबधबा आणि चोरल करू आणि सकाळी निघताना पोहे बांधून घेऊ. दहापट दाखवणारं भिंग मी तुझ्यासाठी घेऊन ठेवलं आहे. आईंचे गुडघे कसे आहेत ते कळव, आणि अनिलरावांना नमस्कार सांग.

तुझी,
सुधा