‘पोटखराब’ सड्याबद्दल थोडेसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात राधानगरी तालुक्यातल्या एका सड्याचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठाराचा, फोटो छापून आला. दोन जीप, सात-आठ तरुण पोरे, मागे धुके आणि खाली ओळ : ‘ओसाड पठारावर वर्षा पर्यटनाचा आनंद.’ पोरांबद्दल माझी तक्रार नाही, त्या वयात आम्हीही गगनबावड्याला सायकली दामटल्या आहेत. तक्रार आहे ती ‘ओसाड’ या शब्दाबद्दल. आणि ती करण्याचा अधिकार मला कमीच आहे, कारण हाच शब्द मी सरकारी पगार घेऊन तीस वर्षे लिहिला.

मी तलाठी होतो. (आता आमच्या जागेवर ‘ग्राम महसूल अधिकारी’ बसतात, काम तेच.) नोकरीची बरीच वर्षे राधानगरी तालुक्यात, दाजीपूरच्या बाजूच्या सजांत (तलाठ्याकडच्या गावांच्या गटांत) गेली. पीक पाहणीला सड्यावर जायचे, जांभ्याचा उघडा कातळ बघायचा आणि सातबाऱ्याच्या बारा नंबरात ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’ या रकान्यात ‘खडकाळ’ किंवा ‘गवतपड’ लिहून मोकळे व्हायचे. सातच्या उताऱ्यावर ती आधीच ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला नालायक, असायची. ज्या जमिनीला आकार (सारा) नाही तिच्याकडे तलाठी दुसऱ्यांदा बघत नाही.

एकदा धनगरवाड्यावरचा एक म्हातारा बाजूला बसून माझे लिहिणे बघत होता. काय लिहिलंसा म्हणाला. मी वाचून दाखवले. तो हसला. “कुणाचं पोट खराब, भाऊसाब? आमच्या म्हसरांचं तर न्हाई.” त्याची म्हसरे त्याच सड्यावर चरत होती आणि त्यांच्या लोण्यावर त्याचे घर चालत होते. मीही हसलो आणि पोटखराबच लिहिले. नमुन्यात दुसरा शब्द नव्हता.

आता निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून तो सडा परत बघतो. आपल्या वाचकांनी श्रावण-भाद्रपदात तिथे जाऊन, गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवून, नुसते उकिडवे बसून बघावे. बोटभर मातीत गेंदाची पांढरी फुले उभी असतात, त्यांच्या पायाशी सीतेची आसवे जांभळी होऊन पसरलेली असतात आणि ओलसर कडेला दवबिंदू नावाच्या रोपट्याचे तांबडे केस चकाकतात. दवबिंदू किडे खातो. सीतेची आसवेही पाण्यातले बारीक जीव गिळतात. कारण साधे आहे : जांभ्यावरच्या मातीत कस नाही, नत्र नाही, मग पोट भरायचे कुठून? दिवाळीपर्यंत हे सगळे वाळून जाते, गवत उरते, आणि पहाटे त्या गवतावर गवे येतात. ऊन चढले की कडेच्या अंजनीच्या जंगलात शिरतात. चैत्रात त्या जंगलाखालून करवंदे काढणारी, बाळहिरडा वेचणारी माणसे फिरतात. ओसाड जागेवर एवढी वर्दळ मी तरी पाहिलेली नाही.

जांभा म्हणजे जुना काळा पाषाणच. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक पावसाने धुऊन धुऊन त्यातले विरघळणारे सगळे गेले, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. म्हणून तो तांबडा, म्हणून सच्छिद्र, आणि म्हणूनच त्यात बॉक्साईट. सडा स्पंजासारखा पाऊस पितो आणि उन्हाळ्यात पोटातून झऱ्याने सोडतो. याच डोंगराच्या धारेवर पडलेले पाणी पश्चिमेला वळले तर फोंड्याच्या बाजूने कोकणात उतरून अरबी समुद्रात जाते, पूर्वेला वळले तर भोगावती, पंचगंगा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात. आणि २०२३ च्या दिवाळीपासून कोल्हापूर शहरात जे थेट पाईपलाईनचे पाणी येते ते काळम्मावाडी धरणाचे, म्हणजे याच डोंगराच्या पाणलोटातले. ज्यांनी फोटोखाली ‘ओसाड’ लिहिले त्यांनी सकाळी बहुधा त्याच पाण्याने तोंड धुतले असेल.

दाजीपूरचे रान टिकले ते आधी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीसाठी राखले गेले म्हणून, हे कबूल करायला हरकत नाही. राजर्षी शाहू महाराज मोठे शिकारी होते, कोल्हापुरात शिकारीचे चित्ते पाळलेले असत. त्याच महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले आणि कन्या राधाबाईंच्या नावाने राधानगरी वसवली. उन्हाळ्यात त्या धरणाच्या लक्ष्मी तलावाचे पाणी उतरले की तलावातला बेनझीर व्हिला हा जुना बंगला आजही जवळून दिसतो. १९५८ साली, महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोन वर्षे आधी, दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ ला ते वाढून राधानगरी अभयारण्य झाले, ३५१ चौरस किलोमीटरचे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारसा म्हणून जे भाग निवडले, त्यांत महाराष्ट्रातले कास, कोयना, चांदोली आणि आपले राधानगरी. हे सगळे फलकावर वाचायला मिळते. पण सावराई सडा, ठक्याचा वाडा, वाघाचे पाणी, सांबरकोंड ही तिथल्या जागांची नावे कुणी दिली? गॅझेटने नक्कीच नाही. तिथे गुरे राखणाऱ्यांनी, पाणी शोधणाऱ्यांनी दिली. यातली एकही जागा ‘ओसाड’ म्हणून ओळखली गेली नाही.

अडचण अशी आहे की सगळे सडे अभयारण्याच्या हद्दीत नाहीत. हद्दीबाहेरचा सडा कागदावर पोटखराब, नाहीतर मुलकीपड (सरकारी पडीक). आणि कागदावर जमीन खराब असली की तिचे काहीही करायला मन धजते. राधानगरी आणि शाहूवाडी तालुक्यांत सड्यांवर बॉक्साईटच्या खाणी झाल्या. वरचा कातळ गेला की झऱ्याचे तोंडच जाते. नंतर माती पसरून झाडे लावली तरी गेंद आणि दवबिंदू त्या मातीत परत येत नाहीत, त्यांना कातळच लागतो.

खाणीकडे बोट दाखवणे सोपे आहे, म्हणून माझेही एक सांगतो. एका वर्षी वरून वृक्षारोपणाचे उद्दिष्ट आले. गावालगत मोकळी जागा कुठली, असे विचारल्यावर मीच सड्याचा गट नंबर दिला. कातळ फोडून खड्डे काढले, ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे लावली, फोटो झाले. पुढच्या शिमग्यापर्यंत निम्मी रोपे वाळली, उरलेली वणव्यात गेली. पंचनाम्यावर सही माझी. सड्यावर झाडे नसतात ती कुणी तोडली म्हणून नव्हे, तो मुळात झाडांचा नाहीच, हे तेव्हा मला त्या म्हाताऱ्याला विचारून कळले असते. विचारले नाही.

आता गवे उसात आणि मक्यात उतरतात, एकदा तर पंचगंगेच्या काठापर्यंत आले, तेव्हा शहरात केवढी पळापळ झाली! त्याला कारणे अनेक असतील. पण वरचे गवत दरवर्षी वणव्यात जळते हे त्यांतले एक आहे, आणि ते गवत ज्या जमिनीवर उगवते तिचे नाव आपण काय ठेवले आहे ते वर सांगितलेच.

माझी मागणी मोठी नाही. महसूल खात्याने बारा नंबरातल्या शेऱ्याच्या रकान्यात, जिथे सडा आहे तिथे ‘सडा’ असे लिहावे. कायदा बदलायला नको, माझ्या वेळी तो रकाना बहुधा कोराच राहायचा. आणि आपण फोटोखालची ओळ दुरुस्त करावी. डावीकडच्या जीपच्या मागच्या चाकाखाली जे पिवळे दिसते आहे, तो चिखल नव्हे. कवला फुलला होता.

आपला,
एक निवृत्त तलाठी,
राधानगरी रोड, कोल्हापूर