पोळी ओली होते

नागपूर,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदे,

चार महिने झाले, तुला पत्र नाही. दिवाळीचा फोनही दोन मिनिटांचा. रागावली असशील तर आधी रागावून घे आणि मग पुढं वाच. आईचे गुडघे तसेच, ह्यांचं बीपी गोळीवर, मी बरी. झालं.

लिहायला बसले ती पिंकीमुळे. तिचं हिमोग्लोबिन ९.८ आलंय. पाच ते अकरा वर्षांच्या पोरांत साडेअकराच्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, म्हणजे चांगलंच कमी. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिलीय, ती चालू आहे. पण वहिनीला कोडं पडलं होतं, डबा रोज रिकामा येतो मग खाल्लेलं जातं कुठं? दहा दिवसांपूर्वी दप्तर धुवायला काढलं तर बाजूच्या कप्प्यात पॉलिथिनमध्ये गुंडाळलेल्या तीन दिवसांच्या पोळ्या निघाल्या, आणि त्यांच्याखाली आलूपोंग्याच्या चिकट पुड्या. वहिनीनं हात उगारला, मी मध्ये पडले. पोर रडली नाही. एवढंच म्हणाली, "पोळी ओली होते, आत्या."

आठवीत तू हेच, अगदी हेच वाक्य म्हणाली होतीस. तू डबा गाईला घालायचीस, मी जाऊन काकूंना सांगितलं, आणि पंधरा दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. चुगली करण्याआधी मी तो डबा उघडून पाहायला हवा होता. आता पाहिला, पिंकीचा. सकाळी सहाला तव्यावरची पोळी तशीच वाफाळती स्टीलच्या डब्यात, वर घट्ट झाकण. वाफेचं झाकणाला पाणी होतं, ते ठिबकतं, खालची पोळी लगदा आणि वरची चिवट. बाजूला रशाची वांग्याची भाजी, तिचं तेल पोळीत उतरलेलं. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यात हात धुवायच्या नळावर रांग. आणि फाटकाबाहेर आलूपोंगा, म्हणजे तळलेले पोकळ पोंगे आणि चटपटीत आलू: कुरकुरीत, आंबट, तिखट, बोटांत घालून खायचा, दोन मिनिटांत पोटात. सांग बरं, कोण जिंकणार?

ज्ञानाची कमी आहे असं समजू नकोस. सीबीएसईनं मे महिन्यात शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, तो तिच्या शाळेत लागलाय. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीत सात-आठ चमचे साखर असते हे तिला पाठ आहे. जुलैत आपल्या एम्सच्या नावानं समोसा-जलेबीचा केवढा गाजावाजा झाला, तू वाचलंच असशील. शेवटी आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं की समोशावर इशारा छापा असं आम्ही म्हटलेलं नाही, कचेऱ्यांत तेल-साखरेचे माहितीफलक लावा एवढंच म्हटलंय. फलक हवेतच, मी त्यांच्या बाजूची आहे. पण दहा वाजता पोटात खड्डा पडलेल्या पोरीला फलक खाता येत नाही. त्या वेळी हाताशी जे असेल आणि खायला सोपं असेल, तेच तोंडात जातं.

म्हणून वहिनीला म्हटलं, पोरीला बोलणं बंद, डबा बदल. तुझ्याही घरी दोघं आहेतच, म्हणून सगळं लिहिते.

कणीक कोमट पाण्यात थोडी सैल मळायची आणि वीस मिनिटं झाकून ठेवायची. घट्ट कणकेची पोळी तासाभरात वातड होते. तीन वाट्या कणकेला एक वाटी बेसन घातलं तर प्रथिनं वाढतात आणि चवही खमंग लागते. पोळी तव्यावरून उतरवली की जाळीवर पाच-सात मिनिटं निवू द्यायची, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. फडकं उरलेली वाफ पितं. फॉइलमध्ये गरम गुंडाळलीस तर पुन्हा तोच लगदा. आत रस्सा नको. कोरडं चून, म्हणजे झुणकाच, भरपूर कांदा आणि सांबार (कोथिंबीर) घालून. एक वाटी बेसनाला पाऊण वाटीच्या वर पाणी गेलं की ते पातळ होतं आणि पोळी भिजवतं. तेवढं सांभाळलं की पोळीवर पसरून गुंडाळी करायची आणि मधोमध कापायची. हात बरबटत नाहीत, म्हणून वर्गातल्या वर्गात खाऊन होतं. एक दिवस चून, एक दिवस अंडं कुस्करून, एक दिवस वाफवलेली मटकी.

मटकीचं एक लक्षात ठेव. आठ-दहा तास भिजवून पाणी पूर्ण निथळायचं, मग फडक्यात बांधायची. ओलसर बांधली की बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो. आत्ताच्या थंडीत बारा तासांवर लागतात, आपल्या मे महिन्यात सहा-सात तासांतच मोड येतात आणि त्याच्यापुढे ती नासायला लागते. मोड आले की पाच मिनिटं वाफवायची, निवली की मग लिंबू पिळायचं. गरम असताना पिळलंस तर सी जीवनसत्त्व थोडंफार वाया जातं, आणि सगळी मेख तिथंच आहे: डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायला आंबट सोबत लागतं.

कुरकुरीत दुसऱ्या, लहान डबीत. हे मी वहिनीला तीनदा बजावलं, कारण पोळीशेजारी ठेवलं की पाऊण तासात सादळतं. १०० ग्रॅम मुरमुरे मंद आचेवर कोरडे भाजायचे, बोटांत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे. ते काढून दोन लहान चमचे तेलात ५० ग्रॅम फल्लीदाणे (शेंगदाणे), मग कढीपत्ता अगदी कडक होईपर्यंत. एकही पान ओलं राहिलं तर आख्खा डबा मऊ पडतो. ५० ग्रॅम डाळवं, हळद, तिखट, अर्धा चमचा मीठ, गॅस बंद करून आमचूर, मग मुरमुरे. पूर्ण गार झाल्यावरच भरायचे. पोंग्याचा आंबटपणा आणि कुरकुर दोन्ही ह्यात आहे. पोरीला तेच तर हवं होतं!

फळ म्हणजे संत्रं. आंबिया बहाराची संत्री आलीत, गोकुळपेठच्या बाजारात ढीग लागलेत. आपल्या संत्र्याचं साल सैल, पोर हातानं सोलते, सुरी नको की चिरून काळं पडायची भीती नको. रस काढून देऊ नकोस, चोथा जातो आणि तीन संत्र्यांची साखर एका घोटात पोटात जाते. मृगाची संत्री फेब्रुवारी-मार्चात येतील. मधल्या दिवसांत पेरू दे, त्यात सी जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त असतं.

आता खरा चोर. सकाळी साडेसहाला ती चहा-बिस्किटं खाऊन निघते. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, पोटात जिरू देत नाही. घरात "आट्याची" म्हणून जी बिस्किटं येतात त्यांच्या पुड्यावर पुढं गव्हाची लोंबी, मागं घटकांत पहिला शब्द मैदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, म्हणजे पहिलं जे, तेच सगळ्यात जास्त. साखरेचा आकडा १०० ग्रॅमला असतो, त्याला चारनं भागलं की चमचे निघतात. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ. १००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहायचं असतं. पिंकीला हा हिशेब फार आवडला. आता दुकानात पुडा उलटा करून उभी राहते, दुकानदार वैतागतो.

चहा बंद म्हटलं असतं तर दादानंच संप केला असता. म्हणून पिंकीला सकाळी केळ आणि रात्री भिजवलेले मूठभर फल्लीदाणे. चहा हवाच असेल तर संध्याकाळी अर्धा कप, खाण्यापासून तासभर लांब. गोळी दुधासोबत चालली होती, तीही दोन तासांनी वेगळी केली.

राहिली संध्याकाळ. चार वाजता स्वैंपाकघर झोपलेलं असतं आणि नूडल्सचा पुडा जागा. ह्यावर उपाय सकाळीच करावा लागतो. काळे चणे रात्री भिजवून सकाळी कुकरला सहा शिट्ट्या काढून फ्रीजमध्ये ठेवायचे. आल्या आल्या कांदा, सांबार, लिंबू घातलं की पाच मिनिटांत तयार. रविवारी त्याचेच तर्री पोहे. तर्रीला वाटीभर तेल लागतंच असं दादा म्हणतो, ते खोटं. तिखटाचा रंग तेलात विरघळतो, पण त्यासाठी तेल थोडं पुरतं. तीन चमचे तेल कोमट असताना तिखट घालून लगेच पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे जळत नाही आणि लालभडक सुटतं. घरातलं तेल मोजायचं असेल तर डबा कधी फोडला त्याची तारीख त्यावर लिही. माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत राहिलं पाहिजे.

आठ दिवस झाले. डबा रिकामा येतोय, आणि दप्तर मी तपासत नाही. परवा तिनं विचारलं, "आत्या, उद्या कुरकुरीत थोडं जास्त देशील? मैत्रीण मागते." रक्त पुन्हा तपासायला वेळ आहे. तोवर माझा जीव टांगणीलाच राहणार, तुला माहीत आहे मी कशी आहे.

तुझी बदली झाली का? सासूबाईंचं मोतीबिंदू? नवं घर कोणत्या मजल्यावर? लिही, नाहीतर फोन कर, रात्री नऊनंतर.

शिरीषच्या हाती जवसाची चटणी पाठवतेय, अर्धा किलो. तडतड थांबेपर्यंत जवस मंद भाजलाय, लसूण कोरडा परतून घातलाय. मिक्सर थांबत थांबत फिरवलाय, एकदम फिरवला की तेल सुटून गोळा होतो. फ्रीजमध्ये ठेव आणि महिन्याभरात संपव, जवसाचं तेल लवकर खवट होतं. पोळी निवल्यावर लाव.

तुझी,
शशी