शाळेच्या बातमीत पोट्टे कुठे आहेत?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या गावात सकाळच्या येष्टीने येते, पानटपरीवर पाच-सहा जण मिळून वाचतात, हेडलाईन कमी अन् निधन वार्ता आणि कापसाचे भाव जास्त, पण वाचतात. हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की पेपर घेत नाही आणि पत्र लिहिते. मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, आमच्या गावच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे. शाळा पहिली ते पाचवी, मास्तर दोन, त्यातले एक सर बीएलओ, त्यामुळे मतदार यादीचं काम निघालं की शाळेत मास्तर एकच.

तक्रार एकच आहे साहेब. शाळेच्या बातम्या तुम्ही छापता, पण त्यात शाळेतले पोट्टे सापडत नाहीत.

डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे बाल आनंद मेळावा झाला. पोट्टे घरून काहीतरी बनवून आणतात, पटांगणात दुकान मांडतात, गावातले लोक विकत घेतात आणि पोरांना नफा तोटा समजते असा तो कार्यक्रम. त्याची बातमी आली, तुमच्याकडेही आली आणि अजून एका पेपरातही आली, दोन्हीकडे शब्द न शब्द सारखी. "बाल आनंद मेळावा उत्साहात संपन्न". अध्यक्ष कोण, उद्घाटक कोण, प्रमुख अतिथी पाच, "प्रामुख्याने उपस्थित होते" म्हणून आणखी सात, मग प्रास्ताविक, संचालन, आभार, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, "यावेळी विद्यार्थ्यांनी विविध खाद्यपदार्थांचे स्टॉल लावले". झाली बातमी. फोटोत फीत कापणारे हात आणि कोपऱ्यात एका पोट्टीचं अर्धं तोंड. त्या सात जणांत माझंही नाव होतं, घरच्यांनी शेजारी नेऊन दाखवलं, पण खरं विचाराल तर मी तिथे आलूबोंडा आणि पोंगे खाण्यापलीकडे काहीच केलं नव्हतं.

आता तिथे काय झालं ते ऐका. चौथीतल्या एका पोट्ट्याने तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडून आणल्या होत्या, गंज भरून. १० रुपयाला एक प्याला. गर्दी अशी की अर्ध्या घंट्यात गंज खाली, गल्ला १८० रुपये. तो नाचतच मॅडमकडे गेला, म्हणे मॅडम सगळा नफाच नफा, शेंगा तर आमच्याच वावरातल्या. मॅडमने त्याला ओट्यावर बसवलं आणि वहीत दोन रकाने पाडायला लावले. ह्याच शेंगा बाजारात विकल्या असत्या तर? २ किलोचे ६० रुपये. मीठ आणि सरपण? धर २० रुपये. तोडल्या कोणी? आईने आणि आजीने, सकाळी थंडीत, तासभर. मग त्यांची मजुरी लिही. पोट्टा हसला, म्हणे आईला कुठे मजुरी देतात मॅडम. मॅडम म्हणे तू लिही तर खरं. मग रोजी काय चालू आहे ते त्यानेच सांगितलं, ३०० रुपये आठ तासाचे, दोघींचा एकेक तास म्हणजे ७५. बेरीज झाली १५५. उरले २५. वहीकडे थोडा वेळ पाहत बसला आणि म्हणते कसा, "मॅडम, बाबा कापूस विकून येते तेव्हा आईचे पैसे कुठे धरते?"

आता साहेब, हमीभावासाठी सरकार जो खर्च काढते त्यात घरच्या माणसांची मजुरी धरतात, ए२ अधिक एफएल म्हणतात त्याला, त्यावर आम्ही किती भाषणं ऐकली, किती मोर्चात गेलो, अर्ध्याहून जास्त लोकांना अजून ते एफएल काय ते सांगता येत नाही. हा पोट्टा शेंगा विकता विकता तिथवर पोचला. आणि तुमच्या बातमीत काय, तर विविध खाद्यपदार्थ.

यात सगळा दोष तुमचा आहे असं नाही म्हणत मी. बातमी शाळेतूनच लिहून जाते, आणि नाव राहिलं की माणूस रुसते, गावात राहायचं आहे मास्तरांना. वार्ताहर मंडळींचंही एक गणित असते. एका वार्ताहराने मला तोंडावर सांगितलं, भाऊ ज्याचं नाव छापतो तो पेपर घेते. बरोबर आहे त्याचं. पण माझं म्हणणं असं की माझं नाव छापलं तर एक अंक खपते, पाचवीतल्या पोट्टीचं नाव आणि तिने काय केलं ते छापलं तर तिचा बाप घेईल, मामा घेईल, आजोबा घेईल आणि आत्या नेरवरून फोन करून एक ठेवायला सांगेल. धंद्याच्या हिशोबानेही पाहा ना बाप्पा.

आता आमच्या शाळेच्या फळ्याची गोष्ट. व्हरांड्यात एक जुना फळा आहे, वर्गात डिजिटल टीव्ही आला तेव्हा बाहेर निघालेला. त्यावर रोज दोन पोट्टे गावची बातमी लिहितात. नियम दोनच, स्वतः पाहिलेलं किंवा स्वतः विचारलेलं पाहिजे, आणि कोणाची टिंगल नाही. बाकीचे दिवस पुस्तकाच्या भाषेत आणि शनिवारी, दप्तर नसते त्या दिवशी, घरच्या बोलीत लिहिलं तरी चालते. मी दूध घालून येताना वाचून येतो, अर्धं गाव वाचते. भुलाबाईच्या दिवसातली एक बातमी होती, "आज खिचडीत मीठ जास्त पडले. काकूंचे लक्ष आमच्या भुलाबाईच्या गाण्याकडे होते. काकूंनी मान्य केले." तीन वाक्यात घटना, कारण आणि दुसरी बाजू. पत्रकारितेचा कोर्स केलेले हे शेवटचं वाक्य विसरतात कधी कधी, राग मानू नका.

तान्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची अशी, "नंदीबैल सजवण्यात पहिला नंबर सरपंचांच्या नातवाचा. बैल त्याच्या काकांनी सजवला." ही बातमी दुपारी पुसावी लागली, टिंगलीत बसते की नाही यावर मास्तरांचं आणि पोट्ट्यांचं एकमत झालं नाही. मला विचाराल तर नव्हती पुसायला पाहिजे.

पण त्या फळ्यावरची कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती पावसाची. जूनच्या शेवटी शाळा भरली (आपल्या इकडे उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून भरते हे तुम्हाला माहीतच) तेव्हा मॅडमने पोट्ट्यांकडून पर्जन्यमापक करून घेतला. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा चाडीसारखा बसवायचा, बुडाला खोलगट असते म्हणून खाली गोटे टाकून वर पाणी भरून शून्याची रेघ मारायची आणि तिथून पट्टी चिकटवायची. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खात्याचा आकडाही साडेआठचाच. १ मिलीमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब एक मीटर रुंद जागेवर १ लिटर पाणी, हे पोट्ट्यांनी पटांगणात चौकोन आखून पाणी ओतून पाहिलं. मला हे इतकी वर्षं शेती करून माहीत नव्हतं, पेपरात मिमी वाचायचो आणि पुढे जायचो.

एका दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, "आमच्या बाटलीत ७१. पेपरात आमच्या मंडळात ४८. कोण चुकले?" टपरीवर त्या दिवशी दुसरा विषयच नाही. कारण २४ तासात ६५ मिमीच्या वर गेला तरच भरपाईसाठी अतिवृष्टी धरतात, आणि ती धरतात महसूल मंडळावर, म्हणजे काही गावांच्या गटावर, आणि मंडळाचं यंत्र आहे दुसऱ्या गावात. नाल्याच्या ह्या बाजूला धो धो पाणी आणि त्या बाजूला धुऱ्यावरची माती कोरडी असं होतेच आपल्याकडे. मॅडमने पोट्ट्यांना सांगितलं की कोणीच चुकलं नसेल, पाऊसच वेगवेगळा पडला असेल, आणि आपली बाटली काही सरकारी नाही, तिच्यावरून पंचनामा होत नाही. एका कर्मचाऱ्याने येऊन बाटलीचा फोटो काढून नेला, पुढे काही झालं नाही, होणारही नव्हतं. पण मला सांगा, ही बातमी नाही का? मंडळात एक यंत्र पुरते की नाही हा प्रश्न विधानसभेत विचारण्यासारखा आहे आणि तो आमच्या शाळेच्या व्हरांड्यात विचारला गेला.

तसंच बोंडअळीचं. शाळेच्या कुंपणाला लागून ज्यांचं वावर आहे त्यांनी पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, कामगंध सापळे लावले, पाचवीचे पोट्टे रोज सकाळी जाऊन पतंग मोजून यायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ आठ पतंग सापडले तर फवारायचं, नाहीतर थांबायचं, असं कृषी खात्याचं सांगणं आहे. सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास असते म्हणून येतात ते नरच. फळ्यावर एकदा लिहिलं होतं, "आज ५ पतंग. सगळे नर. मादी हुशार." हसण्यावारी नेऊ नका, २०१७ साली ह्याच अळीचं वर्ष होतं आणि ह्याच आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं मेली, तेव्हा "आधी मोजा मग फवारा" हे कोणी पोट्ट्यांना शिकवून राहिलं असेल तर ते चार लोकांना समजलं पाहिजे.

हे समजत नाही म्हणून काय होते तेही सांगतो. आमच्या इकडे झेडपी शाळेची बातमी पेपरात कधी येते तर पट कमी झाला की, छत गळलं की, पोषण आहारात काही निघालं की. त्या बातम्या याव्याच, त्या दाबा असं मी म्हणत नाही, आमचं छत गळत होतं तेव्हा बातमी आल्यावरच हालचाल झाली. पण मग लोक तेवढंच वाचतात, आणि शेजारच्या पानावर तालुक्याच्या कॉन्व्हेंटची रंगीत जाहिरात, टाय लावलेले पोट्टे, मग बाप म्हणते काढा नाव, लावा व्हॅन. सकाळी सातला अर्ध्या झोपेत व्हॅनमध्ये कोंबलेलं पोट्टं मी रोज पाहतो. इकडे पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून मास्तरांची पदं ठरवतात त्यात, मास्तरचं पद जाते, २० च्या खाली गेला की शाळेचं नाव बंद करायच्या यादीत फिरायला लागते, आणि मास्तर एकच राहिला की उरलेले पालकही नाव काढतात. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे नियम म्हणतात प्राथमिक शाळा पोराच्या घरापासून १ किलोमीटरच्या आत पाहिजे. आमची शाळा बंद पडली तर पुढची शाळा नाल्यापलीकडे आहे, आणि पावसाळ्यात तो नाला काय करते ते वर लिहिलेल्या ७१ वरून समजून घ्या.

तर मागणं एवढंच की महिन्यातून एका शनिवारी तालुक्याच्या पानावर चार बोटं जागा द्या, गावोगावच्या शाळेतल्या पोट्ट्यांनी स्वतः लिहिलेल्या बातम्यांसाठी. मान्यवर नको, हस्ते नको, संपन्न नको. पोट्ट्याचं नाव, वर्ग आणि त्याने काय पाहिलं ते, बस. फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचं काम आम्ही समितीवाले करतो. ऱ्हस्व दीर्घ तुमच्याकडचे लोक दुरुस्त करतीलच, पण वाक्य बदलू नका, "मादी हुशार" ला "मादी पतंग सापळ्यात आढळून आले नाहीत" करू नका.

परवा ६ जानेवारीला पत्रकार दिन झाला, १८३२ साली त्या तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण काढलं म्हणून तुमच्याकडे सत्कार वगैरे झाले, फोटो पाहिले आम्ही. आमच्या फळ्यावर त्या दिवशी लिहिलं होतं, "आज पत्रकार दिन. आमच्या गावात पत्रकार नाही. आम्हीच आहोत."

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं की ठरलेली बातमी तुमच्याकडे येईलच, कोणी झेंडा फडकवला आणि कोण कोण हजर होतं त्याची. त्या दिवशी जमलं तर तुमचा माणूस पाठवा. भाषणं साडेनऊपर्यंत आटपतात, त्यानंतर पाचवीचे पोट्टे वर्षभराच्या पावसाचा तक्ता घेऊन गावकऱ्यांना समजावून सांगणार आहेत, आणि शेंगावाला पोट्टा म्हणे ह्या वेळी संत्री विकणार आहे, खर्च आधी लिहून. गाडीने येत असाल तर फाट्यावरून डाव्या हाताला वळा, उजवीकडचा रस्ता गुगल जवळचा दाखवते पण तो खोदून ठेवला आहे.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ