तुरुंगातील बचावाच्या फेलोशिपबद्दल

महोदय,

विधी शाखेच्या पदव्युत्तर फेलोशिपवर कालच्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला. गरीब आरोपींच्या बचावासाठी दिल्या जाणाऱ्या या फेलोशिप म्हणजे वकिलीची खडतर उमेदवारी टाळून विद्यावेतनावर दोन वर्षे काढण्याची सोय आहे, हे त्यातील विधान अन्यायाचे आहे. ३१ वर्षे फौजदारी न्यायालयांत नोकरी करून सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ते वाचून गप्प बसता येत नाही.

२०२१ मध्ये माझ्या टेबलावर चोरीचे एक प्रकरण होते. आरोपी परजिल्ह्यातून आलेला, बांधकामावर बिगारी करणारा मुलगा होता. अटकेनंतर तीन आठवड्यांत १५,००० रुपयांच्या जामिनावर त्याला सोडण्याचा आदेश झाला, पण त्यासाठी एक स्थानिक जामीनदार हवा होता. सातबारा किंवा घरपट्टीची पावती घेऊन न्यायालयात उभे राहील असे या शहरात त्याचे कोणीही नव्हते. गरीब आरोपींसाठी सरकारी खर्चाने दिल्या जाणाऱ्या पॅनेलवरील वकिलांनी जामीन मंजूर करून घेतला होता आणि त्यांच्या लेखी काम तिथेच संपले होते. त्यानंतर दर १४ दिवसांनी तो तुरुंगातून व्हिडिओ कॉन्फरन्सने (व्हीसी) पडद्यावर दिसे, मी न्यायालयाच्या रोजनाम्यात ‘आरोपी व्हीसीद्वारे हजर’ असे लिहीत असे आणि पुढची तारीख पडत असे. असे आठ महिने गेले. जामिनाचा आदेश त्याच फायलीत, माझ्या हाताखाली होता. तरीही हा मुलगा अजून आत का आहे, हे मी एकदाही न्यायाधीश साहेबांच्या नजरेस आणून दिले नाही. त्याची टोचणी मला आजही आहे.

ते ज्यांनी नजरेस आणून दिले, त्या वकील मॅडम एलएल.एम. होऊन फेलोशिपवर आल्या होत्या आणि आठवड्यातले चार दिवस कारागृहात जात होत्या. तुमचा वकील कोण, जामीन झाला आहे का आणि घरी कळले आहे का, एवढेच त्या प्रत्येक कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्याला विचारत आणि उत्तरे वहीत लिहून घेत. जामीन झाल्याचे त्या मुलाला माहीतच नव्हते. दोन दिवसांत त्यांनी आदेशाची नक्कल मागितली, अट शिथिल करण्याचा अर्ज दिला आणि त्याच दिवशी न्यायालयाने त्याला जामीनदाराशिवाय, जातमुचलक्यावर सोडले. आठ महिन्यांचा प्रश्न दीड पानाच्या अर्जाने सुटला. ही उमेदवारी नसेल तर कशाला उमेदवारी म्हणायचे, हे आपल्या लेखकांनी सांगावे.

नवख्या वकिलांच्या हाती माणसाचे आयुष्य देऊ नये, हा लेखातील मुद्दा मला मान्य आहे. मध्य प्रदेशातील खांडव्याच्या अनोखीलाल प्रकरणात आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली गेली होती, आणि वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते. म्हणूनच २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करताना फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील द्यावा आणि त्याला तयारीसाठी साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे सांगितले. परंतु फेलो खुनाच्या खटल्यात उलटतपासणी घ्यायला जात नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या कार्यक्रमात येरवडा आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहांत जे तरुण वकील आणि समाजकार्यकर्ते काम करू लागले, ते कैदी, त्याचा वकील, त्याचे घर आणि न्यायालय यांच्यातला तुटलेला धागा जोडतात. जामीन मिळूनही सात दिवसांत न सुटलेल्या कैद्याची माहिती कारागृहाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी आणि महिनाभर जामीनदार न मिळाल्यास न्यायालयाने अटींचा स्वतःहून विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले. पण ते दिवस मोजणारा कोणीतरी लागतो. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. एवढ्यांचे दिवस माझ्यासारख्या लिपिकांनी मोजले नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

लेखकांना टीकाच करायची होती, तर फेलोशिप संपल्यावर काय होते यावर करायला हवी होती. दोन वर्षे पुरी होताच त्या मॅडमची वही दुसऱ्या कोणाकडेही गेली नाही, कारण त्यांच्या जागी कोणी आलेच नाही. आज त्या एका कंपनीचे करारनामे तपासतात. आता जिल्ह्याजिल्ह्यांत गरीब आरोपींचा मोफत बचाव करणारी लोकअभिरक्षक कार्यालये आहेत आणि सहायक लोकअभिरक्षक म्हणून तीन वर्षांपर्यंत वकिली केलेल्या तरुणांनाच घेतले जाते. परंतु या नेमणुकाही दोन वर्षांच्या कंत्राटी आहेत. तुरुंगात काम केलेल्या फेलोंना तिथे प्राधान्य मिळावे आणि त्या नेमणुका कायम स्वरूपाच्या असाव्यात. शिवाय २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची करताना न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम धरायला सांगितले आहे. त्याच न्यायाने फेलोशिपचा काळही धरला जावा. ज्याने बराकीत बसून कैद्यांचे ऐकले आहे असा न्यायाधीश जामिनाची अट घालताना नक्कीच वेगळा विचार करील.

आणखी एक गोष्ट, कारण ती याच मुलाची आहे. त्याला अटक झाली तेव्हा एका दैनिकात त्याचे नाव, वय आणि गाव छापून आले होते. पुढे तो निर्दोष सुटला. मॅडमनी निकालाची प्रत घेऊन त्या दैनिकाच्या कार्यालयात दोन वेळा खेपा घातल्या. पण त्याच्या सुटकेची एक ओळही आली नाही. आपल्या अंकातही अटकेच्या बातम्या रोज नावानिशी असतात. ज्यांची नावे छापली त्यांच्या निकालाची बातमीही आपण छापावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त सहायक अधीक्षक